राकसकोप भरला काय?

जून अर्धा उलटला, की बेळगावच्या मराठी पेपरात एक छोटी बातमी रोज यायला लागते. बहुतेक वेळा ती तुडयेच्या वार्ताहराने दिलेली असते. चोवीस तासांत पाऊस किती मिलिमीटर झाला, बेळगावला पाणी देणाऱ्या राकसकोप जलाशयाची पातळी किती फुटांवर आली, गेल्या वर्षी याच तारखेला ती किती होती. सगळ्या मिळून पाच-सात ओळी. पहिल्या पानावर कुणाचं सरकार येवो नाहीतर जावो, त्या दिवसांत बेळगावच्या शहापूर-वडगाव भागातल्या घरांतून पेपर उघडला जातो तो या ओळींसाठी. हल्ली आकडा सकाळीच फोनवर कुणीतरी पाठवतं, तरी पेपरात बघितल्याशिवाय तो खरा वाटत नाही. मला लिहायचंय ते या राकसकोपला जाणाऱ्या सहलींबद्दल, पण आधी या पाण्याबद्दल.

२४७५ फूट. तिथवर पाणी चढलं म्हणजे जलाशय भरला. बाहेरगावच्या पाहुण्याला वाटतं, केवढं हे खोल धरण! उंची समुद्रसपाटीपासूनची आहे, धरण तसं लहानच आहे. पण बेळगावकराला हा आकडा पाठ असतो आणि तो नुसता आकडा म्हणून पाठ नसतो. पुढचं वर्षभर घरात धुणं कधी निघणार, पाहुणे बोलवायचे की नाही, लग्न घरी करायचं की कार्यालयात, हे त्याच्यावर ठरत आलेलं आहे.

आमच्या घरात हा हिशेब थोरल्या काकू ठेवायच्या. मागचे दोन आकडे तेवढे बोलायचे ही त्यांची पद्धत. "बावन्नवर आलंय गे, मोठी धुणी आज काढू नका," असं म्हणून त्या पेपर घडी करून ठेवत. जुलैत कधीतरी "सत्तर झालं" म्हणाल्या, की सगळं घर सैल व्हायचं. नळाला पाणी चार दिवसांआड यायचं, एप्रिल-मेत आठ दिवसांआडसुद्धा, आणि यायची वेळ म्हणाल तर रात्री दोन वाजले तरी दोन. बोळातून कुणीतरी हाक द्यायचं, "पाणी सुटलं गेऽऽ", आणि अंधारात सगळीकडून भांड्यांचे आवाज सुरू व्हायचे. हंडे, बिंदग्या, कळश्या, न्हाणीतलं घंगाळ, मग पातेली, शेवटी तांबे. त्या तासाभरात कुणी कुणाशी बोलत नसे. पाणी गेलं की मग उंबऱ्यावर बसून सगळ्याजणी एकदम बोलायला लागत.

काकूंचा हिशेब नुसत्या फुटांचा नव्हता, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. जून संपताना पातळी एका दिवसात दोन-दोन फुटांनी वाढायची आणि आम्ही पोरं नाचायचो. काकू हलत नसत. "खालचं फूट हलकं असतंय," एवढंच म्हणत. पुढे धरणं बघायला लागले तेव्हा त्याचा अर्थ उलगडला. जलाशयाचा तळ अरुंद, दरीसारखा असतो. वर येईल तसं पाणी आजूबाजूच्या उतारांवर पसरत जातं. तळाशी एक फूट चढायला थोडं पाणी पुरतं, काठोकाठ आल्यावर तेवढंच एक फूट चढायला त्याच्या कितीतरी पट पाणी लागतं. उलटंही तसंच आहे. मार्चमध्ये एक फूट उतरायला जेवढे दिवस लागतात, त्याच्या निम्म्या दिवसांत मेमध्ये एक फूट उतरतं. म्हणून शेवटचे फूट असे भराभर संपताना दिसतात, आणि मग पेपरात तो शब्द येतो, डेड स्टॉक. पाणी बाहेर घ्यायच्या तोंडाच्या खाली गेलेलं पाणी. ते दिसतं, पण आपसूक येत नाही, पंप लावून उपसावं लागतं. २०२३च्या जूनमध्ये पाऊस लांबला तेव्हा शहराने हे पुन्हा एकदा अनुभवलं.

काकूंच्या माहेरी, वडगावात, परसात बाव होती. त्यांच्या पिढीला पाणी म्हणजे खाली वाकून, दोर ओढून वर काढायची वस्तू. जुन्या बेळगावात, शहापुरात, वाड्यावाड्यांतून अशा विहिरी होत्या आणि गाव त्यांच्यावरच जगत होतं. १९२४ साली टिळकवाडीत काँग्रेसचं अधिवेशन भरलं, महात्मा गांधी अध्यक्ष, आणि देशभरातून माणसं येणार म्हटल्यावर पहिला प्रश्न पाण्याचाच उभा राहिला. त्यासाठी मुद्दाम मोठी विहीर खणली गेली. ती काँग्रेस विहीर आजही आहे, तिच्या शेजारीच त्या अधिवेशनाचं स्मारक, वीरसौध, उभं आहे. बेळगावचे काँग्रेस पुढारी गंगाधरराव देशपांडे आणि त्यांच्या माणसांनी त्या अधिवेशनासाठी काय काय केलं याच्या गोष्टी बेळगावात पुष्कळ सांगतात. मला मात्र त्या सगळ्या धामधुमीत आधी विहीर खणावी लागली हीच गोष्ट जास्त लक्षात राहते. गाव केवढंही नावाजलेलं असो, पाहुण्यांना तांब्याभर पाणी देता आलं पाहिजे.

मग गाव वाढलं. विहिरी पुरेनात. १९५६ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, त्या धगीत माणसं होरपळत असतानाच, साठच्या दशकाच्या सुरुवातीला, पश्चिमेला मार्कंडेय नदी अडवून राकसकोपचं पाणी शहरात आलं. तेव्हापासून आजपर्यंत राकसकोप हे नाव आमच्याकडे गावाचं कमी आणि पाण्याचं जास्त झालं आहे. राकसकोप नावाचं एक गाव आहे, तिथे माणसं राहतात, त्यांची शेती आहे, हे शहरातल्या पुष्कळांच्या ध्यानातही नसतं.

मार्कंडेय उगम पावते खानापूर तालुक्यातल्या बैलूरच्या डोंगरात. राकसकोपपाशी तिला अडवलंय, आणि जलाशयाच्या पलीकडे तुडये. तुडये म्हणजे चंदगड तालुका, म्हणजे कोल्हापूर जिल्हा, म्हणजे महाराष्ट्र. बेळगाव पाणी पितं कर्नाटकात आणि त्या पाण्याची खबर येते महाराष्ट्रातल्या खेड्यातून. ज्या ढगांकडे आम्ही डोळे लावून बसतो ते चंदगडच्या बाजूने येतात. सीमेबद्दल इथे प्रत्येकाच्या मनात जे आहे ते आहे, माझ्याही आहे. पण जून महिन्यात तुडयेला पाऊस किती झाला हे मराठी घरात विचारतात तसंच कानडी घरातही विचारतात.

जायचा रस्ता सुंदर आहे. गणेशपूर, बेनकनहळ्ळी करत बेळगुंदीला आलं की शहर मागे पडतं. लाल माती, काजूची झाडं, पाणथळ खाचरांत भाताची लावणी, आणि चढाच्या जमिनीवर सरी ओढून लावलेले रताळ्यांचे वेल. बेळगावच्या बाजारात दसऱ्यानंतर पोत्यांनी रताळी येतात ती याच पट्ट्यातली, बेळगुंदी, बिजगर्णी, उचगाव, तुडये. वायव्येला महिपाळगडाचा डोंगर आणि त्याच्या अंगाला देवरवाडीचा वैजनाथ. पावसाळ्यात तो डोंगर दिवसचे दिवस ढगातच असतो. इथली माणसं आभाळाकडे न बघता वैजनाथाच्या डोंगराकडे बघून पाऊस सांगतात.

आणि मग एका वळणावर पाणी दिसतं. उन्हाळ्यात गेलात तर काठाला भेगाळलेली तांबडी माती, तीत पूर्वीच्या शेतांच्या बांधांच्या रेघा. श्रावणात गेलात तर गवतच थेट पाण्यात उतरलेलं. पहिल्यांदा भरलेला राकसकोप पाहिला तेव्हा मला काकू आठवल्या. आयुष्यभर जिच्या पाण्याचा हिशेब ठेवला ती जागा त्यांनी कधी पाहिली नव्हती. त्यांच्या बरोबरीच्या शहापुरातल्या किती बायकांनी पाहिली असेल? हळदीकुंकू, देवदर्शन, सौंदत्तीची यल्लम्मा, पंढरपूर, सगळीकडे जाणं झालं. पंधरा-सोळा किलोमीटरवरच्या राकसकोपला जायचं कारणच कधी पडलं नाही.

तिथून पाणी हिंडलग्याच्या पंपिंग स्टेशनला येतं आणि उपसून लक्ष्मी टेकवर चढवलं जातं. तिथे ते शुद्ध करतात. पाण्यात तुरटी घालून ढवळायचं, म्हणजे मातीचे बारीक कण एकमेकांना धरून जड होतात आणि खाली बसतात. मग वाळूच्या थरांतून गाळायचं, मग क्लोरिन. टेकडी उंच, म्हणून तिथून पुढे पाणी उतरत शहरभर जातं. पहिल्या जोरदार पावसात मार्कंडेय लाल लोट घेऊन येते आणि ही सगळी यंत्रणा धापा टाकते. त्या दिवसांत आमच्या नळाला तांबूस पाणी यायचं. नळाच्या तोंडाला धोतराचं दुहेरी फडकं बांधलेलं असायचं. संध्याकाळी ते सोडलं, की घडीत बोटाच्या पेराएवढी चिकट लाल माती. लहानपणी मी ती माती तुळशीत टाकायची. ती बैलूर-तुडयेकडच्या डोंगरांची माती होती हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

आता सहलींबद्दल, कारण या लेखाचं निमित्तच ते आहे.

श्रावणातल्या रविवारी राकसकोपला गाड्यांची रांग लागते. तशी ती सगळीकडेच लागते. किटवाडला लागते, सुंडीच्या धबधब्याला लागते, तिलारीच्या रस्त्याला तर विचारू नका. पाऊस सुरू झाला की बेळगावचं माणूस घरात राहत नाही आणि मला तो या गावाचा गुणच वाटतो. पण किटवाड वेगळं आणि राकसकोप वेगळं. गेल्या वर्षी आम्ही गेलो तेव्हा जलाशय भरलेला होता, वेस्टवेअरमधून, म्हणजे जादा पाणी सोडायच्या सांडव्यातून, पाणी सुटलेलं, त्याचा आवाज लांबून ऐकू येत होता. वरच्या अंगाला, काठावर, एक मोठं कुटुंब जेवून उठत होतं. छान माणसं. आम्हालाही बोलावलं. मग त्यांतल्या दोघांनी बिर्याणीचं भलंमोठं पातेलं धरून पाण्यात नेलं आणि घासायला सुरुवात केली. साबणाचा फेस आधी गेला. त्याच्यामागून तेलाचा तवंग सरकला, पातळ, रंगीत, आणि त्यात शितं. बारके मासे शितांवर तुटून पडले. पोरं टाळ्या वाजवत होती. थोडं पुढे एकजण गाडीची चाकं धूत होता.

शेजारी एक आजोबा म्हशी चारत उभे होते, डोक्यावर घोंगड्याची खोळ. ते बराच वेळ बघत राहिले आणि मग मुळीच न रागावता म्हणाले, "पोरांनो, ह्येच पाणी परवा तुमच्या नळाला येतंय बगा." पोरं हसली. एकाने विचारलं, "आजोबा, तुमच्या म्हशी नाही काय उतरत पाण्यात?" आजोबा म्हणाले, "उतरत्यात की. खोटं कशाला बोलू? पर म्हशीला ठावं न्हाई पाणी कुठं जातंय. तुमास्नी ठावं असाया पायजे."

पातेलं घासणारा थांबला. खरोखर थांबला. त्याने आजोबांना विचारलं, "म्हणजे हे बेळगावला जातंय?" तो टिळकवाडीचा, शिकलेला, चांगल्या नोकरीतला माणूस. त्याला माहीत नव्हतं. मला त्याचा राग येईना. त्याला कुणी, कधी सांगितलं असणार? नळ घरात, बिल फोनवर. शहराच्या काही वॉर्डांत २००८पासून चोवीस तास पाणी आहे. चांगलीच गोष्ट आहे ती, रात्री दोनला उठणाऱ्या बायकांची झोप परत मिळाली. पण त्या वॉर्डांत वाढलेल्या पोरांना पातळी विचारायची गरज उरली नाही आणि पाणी कुठून येतं हे सांगणारी काकूही घरात उरली नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते मी अगदी मनापासून म्हणते आहे. सहल ही एकच वेळ अशी आहे जेव्हा पाणी पिणारा माणूस पाण्याच्या घरी पाहुणा म्हणून जातो. एरवी पाणीच आपल्याकडे येतं. ही भेट बंद करू नये. काटेरी तार ओढून, पाटी लावून 'प्रवेश निषिद्ध' केलं की काम झालं असं पुष्कळांना वाटतं. तसं केलं तर बाटल्या घेऊन येणारे मागच्या वाटेने येतच राहतील, आणि पोरांना पाणी दाखवायला आणणारे तेवढे यायचे बंद होतील. पण पाहुण्याने कुठे हात धुवायचे, कुठे नाही, याची रीत असते. ती रीत या गावाला नवी नाही. गणपती विसर्जनासाठी बेळगावने कपिलेश्वर तलाव, जक्कीनहोंड अशा जागा ठरवल्या आणि लाखभर माणसं त्या पाळतात. फिरायला, काठावर भेळ खायला किल्ला तलाव आहे. राकसकोपची रीत ठरवायचीच कुणी मनावर घेतलेली नाही.

पोहण्याबद्दलही बोललं पाहिजे. दर पावसाळ्यात कुठल्या ना कुठल्या धरणातून, धबधब्यातून एखाद्या कॉलेजच्या पोराची बातमी येते आणि ती वाचून पोटात कालवतं. जलाशय म्हणजे तलाव नव्हे. त्याचा तळ ही कालपरवाची शेतं आहेत, बांध, चर, खड्डे, कुठे जुनी विहीर. कमरेएवढ्या पाण्यातून पुढे टाकलेलं एक पाऊल पुरुषभर खोलात जातं, आणि काठाचा चिखल असा की पोहता येणाऱ्यालाही बाहेर यायला धर मिळत नाही. आयांनो, पोरांना हे घरातून निघतानाच सांगा.

राकसकोप लहान आहे, शहर मोठं झालं. म्हणून आता निम्म्याअधिक बेळगावची भिस्त हिडकल डॅमवर आहे. हुक्केरी तालुक्यात घटप्रभेवरचं हे धरण १९७७ला पूर्ण झालं, ५१ टीएमसीचं (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट पाणी). त्याचं अधिकृत नाव राजा लखमगौडा जलाशय, वंटमुरीच्या राजा लखमगौडा सरदेसाईंच्या नावाने. आमच्या पिढीने आरएलएस, म्हणजे राजा लखमगौडा सायन्स, कॉलेजात शिकताना तेच नाव घेतलं, त्याच घराण्याचं धरणाशीही नातं आहे हे ठाऊक नसताना. हिडकलचं पाणी बसवनकोळ्ळला येतं आणि तिथून शहरात. हे धरण मुळात शेतीसाठी. गोकाक, रायबागपासून पार बागलकोटच्या बाजूपर्यंत त्याचे कालवे जातात, ऊस त्याच्यावर उभा आहे. पिण्याचं पाणी त्यातला एक लहानसा वाटा.

हिडकलची एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. धरण भरलं तेव्हा पुष्कळ गावं बुडाली, त्यांतलं एक हुन्नूर. गावाचं विठ्ठल मंदिर दगडी होतं, ते काढून नेता येण्यासारखं नव्हतं. गाव उठलं, मंदिर राहिलं. वर्षाचे बहुतेक महिने ते पाण्याखाली असतं आणि पाणी फारच उतरलं की वर येतं. आधी शिखर, मग मंडप, मग पायऱ्या. २०२३च्या जूनमध्ये ते असंच उघडं पडलं आणि बघायला रांगा लागल्या. मीही गेले. चिखल वाळून त्याच्या खपल्या झालेल्या, त्यावरून चालत जायचं. भिंतींवर शिंपल्या चिकटलेल्या, खांबांच्या नक्षीत गाळ बसलेला. नवीन जोडपी फोटो काढत होती, आइस्क्रीमची गाडी आली होती. आणि मंडपात एक म्हातारं जोडपं खाली बसलं होतं. बाईंनी पदराने उंबरठ्याची माती पुसली, हळदकुंकू वाहिलं आणि मराठी-कानडी मिसळून नवऱ्याला काहीतरी दाखवत राहिल्या, इथे आमचं, तिकडे तुमचं. समोर नुसती भेगाळ जमीन होती. त्यांना तिच्यात घरं दिसत होती.

त्या दिवशी एकाच जागेवर तीन तऱ्हेची माणसं होती. गंमत बघायला आलेली, विठोबाला भेटायला आलेली, आणि आपल्या गावी आलेली. चौथी मी, जिच्या घरचं पाणी त्या गावाच्या बुडण्यातून आलेलं आहे. धरण उघडं पडणं ही शहराला संकटाची खूण होती, महापालिकेत बैठका चालल्या होत्या, टँकर फिरत होते. त्या बाईंना मात्र तेवढेच दिवस माहेर मिळतं. पुढे पाऊस लागला, मंदिर पुन्हा खाली गेलं, आम्ही सुटकेचा श्वास टाकला. त्यांनी काय केलं असेल?

मलप्रभेवरचं नविलुतीर्थ ३७ टीएमसीचं, सौंदत्तीजवळ, यल्लम्माला जाणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे. त्याचं पाणी हुबळी-धारवाडला जातं. ते भरत नाही म्हणून वर कणकुंबीला कळसा नाल्याचं पाणी वळवायचं चाललंय. कणकुंबी खानापूर तालुक्यातलं, मराठी वस्तीचं गाव. तिथे माउलीच्या देवळाशी मलप्रभा उगम पावते आणि जवळूनच कळसा पश्चिमेला, गोव्यात जाणाऱ्या म्हादई नदीकडे जातो. २०१८च्या ऑगस्टमध्ये म्हादईच्या पाणीवाटपासाठी नेमलेल्या लवादाने कळसा आणि भांडुरा या दोन नाल्यांतून ३.९ टीएमसी दिलं. गोवा आणि कर्नाटक त्यावर अजून भांडताहेत. दोन्हीकडची भाषणं मी ऐकली आहेत. हुबळीच्या बाईला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं, तिची तहान खोटी म्हणायची माझी छाती नाही, आम्हीही त्याच रांगेतले. पण त्या भाषणांत कणकुंबीचा माणूस नसतो. ज्याच्या शिवारातून कालवा खणला, ज्याच्या जंगलातून रस्ता गेला, ज्याचे झरे आटतील की राहतील हे त्यालाच बघत बसायचंय, त्याचं नाव कुणी घेत नाही. पाणी वरच्या गावाचं, तहान खालच्या शहराची, आणि मधे ओळख नाही.

राकसकोप भरल्यावर उरलेलं पाणी पुढे जातं. कंग्राळी, अलतगा, कडोली, काकतीच्या शिवारातून मार्कंडेय जाते आणि जास्त झाली की तिथल्या भातावर चढते. २०१९च्या ऑगस्टमध्ये तर पिकं आठवडाभर पाण्याखाली कुजली. आम्ही शहरात 'भरला, भरला' म्हणून आनंदात असतो तेव्हा खालच्या गावांना वेस्टवेअरच्या दारांची धास्ती असते. पुढे गोडचिनमलकीला हीच नदी धबधबा होऊन कोसळते, मग गोकाकजवळ घटप्रभेला मिळते. गोडचिनमलकीला फोटो काढणाऱ्या बेळगावच्या पोरांना सांगावंसं वाटतं, आपल्या पिण्यातून उरलेली ती हीच.

मग करायचं काय? काही गोष्टी अगदी सोप्या आहेत. जेवण, गाड्या, स्वच्छतागृह हे सगळं धरणाच्या भिंतीच्या खालच्या अंगाला हवं, वरच्या अंगाला नको, म्हणजे जे सांडेल ते आपल्या नळात येणार नाही. पाण्याच्या काठावर जायचं ते पायी, रिकाम्या हाताने. आत जाताना गाडीमागे थोडी अनामत घ्यायची आणि कचरा परत आणून दाखवला की ती परत करायची, आणि हे काम राकसकोप, बेळवट्टी, तुडयेच्या पोरांना द्यायचं. काठावरच्या शेतात कुठलं खत, कुठलं औषध पडतं ते पावसाबरोबर जलाशयातच येतं. त्या शेतकऱ्याला शेणखत परवडेल एवढा भाव त्याच्या रताळ्याला शहराने द्यायला नको काय? आणि एक मोठी पाटी हवी, मराठीत आणि कानडीत. तिच्यावर आजची पातळी आणि ज्यांच्या शिवारातून हे पाणी येतं त्या सगळ्या गावांची नावं, दोन्ही राज्यांतली.

पाटी कधी लागेल ते लागेल. आमच्या बोळातल्या पोरांना यंदा मी घेऊन जाणार आहे. आधी लक्ष्मी टेक, मग हिंडलगा, मग राकसकोप, नळाकडून नदीकडे असं उलटं जायचं. टेकवर आत जायला परवानगी लागते, तिचा अर्ज लिहून ठेवलाय. डबे बेळगुंदीत खायचे. तुडयेच्या बाजूला जाऊन पाऊस मोजायचं भांडं बघायला मिळालं तर उत्तमच. शहापूर, वडगाव, खासबागातल्या कुणाला आपली पोरं पाठवायची असतील तर कळवा, एका बसमध्ये मावतील तेवढीच घेऊ. सोबत एक-दोन आज्याही हव्या आहेत, खऱ्याखुऱ्या, बावीचं पाणी ओढलेल्या. पहिला तांबडा लोट खाली बसला की निघू.